परदेशात राहिलात म्हणून रक्त नाकारलं होतं? आता पुन्हा विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९८८ ते १९९२ अशी चार वर्षं तुम्ही शिक्षणासाठी लंडनमध्ये होतात, पुढे अमेरिकेत स्थायिक झालात. २००३ मध्ये ऑफिसातल्या रक्तदान शिबिरात फॉर्म भरलात आणि ‘तुम्ही कायमचे अपात्र आहात’ असं सांगून तुम्हाला परत पाठवलं. कारण कुणी नीट सांगितलं नाही, आणि आपल्या रक्तातच काही खोट असावी ही टोचणी तेव्हापासून मनात राहिली. आता नियम बदलल्याचं ऐकलंत, पण दर हिवाळ्यात तुम्ही भारतात जाऊन येता. शिवाय पत्नीला १९९१ मध्ये बाळंतपणात तिकडच्याच इस्पितळात दोन पिशव्या रक्त चढवलं होतं. तर आता दोघांना रक्त देता येईल का?

व्हिसीजेडी नावाच्या मेंदूच्या ज्या जीवघेण्या आजारासाठी तुम्हाला थांबवलं होतं, त्याची ब्रिटनमधल्या वास्तव्याची अट अमेरिकेत २०२२ मध्ये उठली. भारतवारीचा नियम वेगळा आहे आणि तो अजून लागू आहे. दोन्ही सविस्तर सांगते. गेली बावीस वर्षं मी रक्तदात्यांच्या निवडीचं काम करते. फॉर्मवरच्या एका ‘हो’मुळे समोरच्या माणसाचा चेहरा उतरताना मी शेकडो वेळा पाहिला आहे, आणि त्यातल्या फार थोड्यांना कुणी बसून कारण समजावलेलं असतं.

सगळ्यात आधी ती टोचणी काढून टाका. तुमच्या रक्तात काहीही सापडलं नव्हतं. सापडणं शक्यच नव्हतं, कारण रक्त घेतलंच नव्हतं. आणि घेतलं असतं तरी या आजारासाठी ते तपासायची सोय तेव्हाही नव्हती, रोजच्या वापरात आजही नाही. त्या प्रश्नाची सगळी गोष्ट या एका अडचणीतून सुरू होते.

१९८६ च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये गाईंच्या मेंदूचा एक नवा आजार ओळखला गेला. गाय बिथरायची, थरथरायची, मागचे पाय लटपटून कोसळायची. मेल्यावर मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर स्पंजासारखा छिद्रंछिद्रं पडलेला. शास्त्रीय नाव बीएसई, लोकांच्या तोंडी ‘मॅड काऊ’. तो पसरला खाद्यातून. कत्तलखान्यात उरलेले अवशेष शिजवून, वाळवून, दळून त्याची भुकटी गाईंच्याच खाद्यात मिसळली जात होती. म्हणजे एका आजारी जनावराचा मेंदू कितीतरी गोठ्यांत पोचत होता. १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना असं खाद्य घालायला बंदी आली, १९८९ च्या अखेरीस मेंदू, मज्जारज्जू असे अवयव माणसांच्या खाण्यातून काढले गेले. पण गाईत आजार दिसायला चार-पाच वर्षं लागतात, त्यामुळे साथीचा कळस १९९२-९३ मध्ये आला. एकूण १,८०,००० पेक्षा जास्त जनावरांत आजाराची खात्री झाली. म्हणजे तुम्ही लंडनमध्ये होतात ती बरोबर याच काळातली वर्षं.

२० मार्च १९९६ रोजी ब्रिटनचे आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत सांगितलं की काही तरुण माणसांत मेंदूचा एक नवा जीवघेणा आजार दिसला आहे आणि त्याचा संबंध बहुधा बीएसईशी आहे. हाच व्हिसीजेडी. सुरुवात उदासीनतेनं किंवा हातापायांतल्या विचित्र वेदनांनी व्हायची, मग तोल जायचा, मग स्मृती जायची, आणि वर्ष-दीड वर्षात माणूस जायचा. उपाय नव्हता, अजूनही नाही. ब्रिटनमध्ये आजवर १७८ रुग्णांची नोंद झाली आहे.

आता रक्तपेढीच्या जागी उभं राहून विचार करा. आम्ही प्रत्येक दात्याच्या पिशवीबरोबर छोट्या नळ्यांत नमुने घेतो आणि त्यावर एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क वगैरेंच्या चाचण्या करतो. या चाचण्या जंतूचा एखादा अंश, त्याचं जनुकीय द्रव्य किंवा त्याच्याविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं शोधतात. व्हिसीजेडीच्या मुळाशी जंतूच नाही, प्रिऑन आहे. प्रिऑन म्हणजे आपल्याच शरीरातलं एक प्रथिन चुकीच्या पद्धतीनं दुमडलेलं, आणि शेजारच्या चांगल्या प्रथिनांनाही तशीच घडी घालणारं. त्यात जनुकीय द्रव्य नाही आणि शरीर त्याला परकं मानत नाही, म्हणून प्रतिपिंडंही नाहीत. आमच्या प्रयोगशाळेतलं एकही यंत्र त्याला पकडू शकत नव्हतं. भरीला आजार दबून राहण्याचा काळ किती, याचा अंदाज नव्हता. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमधला कुरू हा याच जातीचा आजार काही जणांत पन्नास वर्षांनंतर उगवलेला आहे.

हातात उरला एकच मार्ग: माणसाला विचारायचं, ‘त्या काळात तुम्ही कुठे होतात?’

अमेरिकेनं १९९९ मध्ये हा प्रश्न आणला. १९८० ते १९९६ या काळात ब्रिटनमध्ये एकूण सहा महिने किंवा जास्त राहिलेल्यांनी रक्त देऊ नये, असा नियम होता. १९८० हे वर्ष धोका सुरू झाल्याचा सावध अंदाज म्हणून घेतलं होतं, १९९६ मध्ये ब्रिटनमधले निर्बंध पुरेसे कडक झाले. २००२ मध्ये सहाचे तीन महिने केले, आणि फ्रान्ससह युरोपात पाच वर्षं राहिलेल्यांनाही थांबवलं. युरोपातल्या अमेरिकी लष्करी तळांवर राहिलेले सैनिक आणि त्यांची कुटुंबंही त्यात आली, कारण त्या तळांवर ब्रिटिश गोमांस पोचत होतं. तीन महिने हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. तो हिशेबातून आला. रेषा जितकी आत ओढाल तितका धोका कमी होतो आणि तितके दातेही गळतात. अंदाज असा होता की २००२ च्या नियमानं संभाव्य धोका सुमारे ९० टक्क्यांनी घटेल आणि सुमारे ५ टक्के दाते जातील. न्यूयॉर्कला याचा मोठा फटका बसला. तिथल्या रक्तपेढीला स्वित्झर्लंड, नेदरलँड्स आणि जर्मनीतून लाल पेशींच्या पिशव्या येत असत, तो पुरवठाच थांबला.

रेषा माणसाच्या आयुष्यात कशी उतरते याची एक आठवण सांगते. एक निवृत्त शिक्षिका माझ्यासमोर बसल्या होत्या. मुलगी इंग्लंडमध्ये दिलेली, तिच्याकडे त्या तीन उन्हाळे जाऊन आल्या होत्या. पर्समधून कोपरे दुमडलेला जुना पासपोर्ट काढून त्या शिक्क्यांवर बोट ठेवून मोजत होत्या. पाच आठवडे, पाच आठवडे, तीन आठवडे. मग थांबून म्हणाल्या, ‘नात झाली तेव्हा चार दिवस गेले होते, तेही धरायचे का?’ धरायचे होते. एकूण पंच्याण्णव दिवस झाले. त्यांनी विचारलं, ‘या जास्तीच्या चार-पाच दिवसांत माझ्या रक्तात असं काय झालं?’ मी खरं तेच सांगितलं: काहीही नाही. नव्वदाव्या आणि पंच्याण्णवाव्या दिवशीचं रक्त सारखंच असतं. पण समोर बसलेल्या माणसाकडे बघून मी रेषा सरकवायला लागले, तर उद्या दुसरा डॉक्टर ती आणखी सरकवेल, आणि पिशवी ज्याला चढते त्याला यातलं काहीच विचारलेलं नसतं. त्या उठून गेल्या तेव्हा मला वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं. नियम मात्र तेव्हा योग्यच होता, असं मी आजही म्हणेन.

कारण ती भीती खरी निघाली. नियम आला तेव्हा रक्तातून व्हिसीजेडी पसरतो याचा माणसातला एकही पुरावा नव्हता, २००० मध्ये मेंढ्यांवरच्या प्रयोगांनी शंका फक्त बळावली. २००४ मध्ये ब्रिटनमधून पहिली नोंद प्रसिद्ध झाली: रक्त घेतल्यावर साडेसहा वर्षांनी रुग्णाला व्हिसीजेडीची लक्षणं दिसली, आणि रक्त दिल्यावर साडेतीन वर्षांनी दात्यालाही तोच आजार झाला होता. पुढे अशा रक्तातून आजार झालेले एकूण तीन रुग्ण सापडले. चौथ्या माणसात लक्षणं नव्हती, तो वेगळ्याच कारणानं गेला, पण त्याच्या पांथरीत हे प्रथिन मिळालं. देणाऱ्यांना देताना काहीच त्रास नव्हता. तुमच्यासारखेच धडधाकट, मनापासून आलेले लोक होते ते.

लोक मला हमखास विचारतात, ‘मग खुद्द ब्रिटनमधले लोक रक्त कसे देत होते?’ हा प्रश्न मला फार आवडतो, कारण वास्तव्याच्या प्रश्नाची मर्यादा त्यात आहे. जिथे सगळेच राहतात तिथे ‘तुम्ही इथे राहिलात का’ हे विचारून काही उपयोग नाही. म्हणून ब्रिटननं दुसरे उपाय केले. १९९९ च्या अखेरीपासून प्रत्येक पिशवीतलं रक्त गाळून पांढऱ्या पेशी काढायला सुरुवात झाली. हे डोळ्यांसमोर आणायचं तर: पिशवी उंच टांगलेली, खाली नळीत तळहातात मावेल असा चपटा फिल्टर, त्यातून गडद लाल रक्त सावकाश खालच्या पिशवीत उतरतंय आणि पांढऱ्या पेशी मागे अडकतायत. व्हिसीजेडीतलं प्रथिन लसीका ग्रंथींत, म्हणजे पांढऱ्या पेशी भरलेल्या असतात तिथे, साठतं, तेव्हा त्या पेशींबरोबर ते वाहत असावं असा विचार होता. दुसरं, औषधांसाठी लागणारा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशी सोडून उरणारा द्रव, त्यांनी परदेशातून घ्यायला सुरुवात केली. तिसरं, २००४ पासून, १ जानेवारी १९८० नंतर ज्यांनी स्वतः रक्त घेतलंय त्यांना रक्त द्यायला बंदी केली, म्हणजे आजार रक्तातून रक्तात फिरत राहू नये.

वर सांगितलेले चारही रुग्ण गाळण सुरू होण्याआधीच्या पिशव्यांतले आहेत. गाळलेल्या रक्तातून व्हिसीजेडी झाल्याची एकही नोंद नाही. ब्रिटनमध्ये काढून टाकलेल्या ३२,४४१ अपेंडिक्सच्या तपासणीत १६ नमुन्यांत हे प्रथिन दिसलं, म्हणजे दोन हजारांत साधारण एक. हा आकडा पाहून आम्ही सगळे हादरलो होतो. पण भीती होती तशी रुग्णांची दुसरी लाट आली नाही. वर्षामागून वर्षं गेली, लाखो ब्रिटिशांनी ब्रिटिशांचंच रक्त घेतलं, आणि मग हिशेब पुन्हा मांडता आला.

आयर्लंडनं २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या वास्तव्याची अट काढली. अमेरिकेनं २०२० मध्ये बहुतेक युरोपची अट उठवली आणि मे २०२२ मध्ये ब्रिटन, फ्रान्स, आयर्लंडची उरलेलीही. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२२ मध्ये, कॅनडानं २०२३ च्या अखेरीस, न्यूझीलंडनं फेब्रुवारी २०२४ मध्ये. सगळ्यांनी एकदम काढली असं समजू नका. जपाननं २००५ मध्ये त्या काळात ब्रिटनमध्ये एक दिवस राहिलेल्यांनाही थांबवलं होतं, कारण त्यांचा पहिला रुग्ण तिथे जेमतेम २४ दिवस राहिलेला होता. २०१० मध्ये ती मर्यादा एक महिन्यावर आणली. तेव्हा तुम्ही ज्या देशात रक्त देणार त्या देशाचा नियम पाहायचा. ज्या देशाचा पासपोर्ट आहे त्याचा इथे काही संबंध नाही.

एक व्यावहारिक गोष्ट, जी नवा नियम वाचून शिबिरात जाणाऱ्यांना माहीत नसते. २००३ मध्ये तुमचं नाव संगणकात ‘अपात्र’ म्हणून गेलेलं आहे. नियम बदलला म्हणून ती नोंद आपोआप पुसली जाईलच असं नाही. सरळ शिबिरात गेलात आणि जुनी नोंद वर आली, तर समोरच्या परिचारिकेला तिथल्या तिथे ती काढता येत नाही. तुम्ही पुन्हा एकदा परत याल, आणि या वेळी बहुधा कायमचेच. म्हणून आधी त्याच संस्थेच्या दाता विभागाला फोन करा. पूर्ण नाव, जन्मतारीख, तेव्हाचा पत्ता सांगा आणि ‘व्हिसीजेडीसाठी वास्तव्याच्या कारणावरून थांबवलं होतं, नोंद पुन्हा तपासा’ असं स्पष्ट शब्दांत म्हणा. नोंद मोकळी झाल्याचं कळल्यावरच वेळ ठरवा.

आता भारतवारी. इथे मुद्दा मलेरियाचा आहे. मलेरियाचे परोपजीवी लाल पेशींत राहतात आणि फ्रिजमध्ये ठेवलेल्या पिशवीतही बरेच दिवस जिवंत राहू शकतात. अमेरिकेच्या २०२० च्या नियमानुसार मलेरियाग्रस्त भागात जाऊन आलेल्यांनी परतल्यापासून तीन महिने थांबायचं. पूर्वी हे एक वर्ष होतं. आपण मोठ्या शहरातच राहिलो, डास चावलाच नाही, गोळ्या घेतल्या होत्या, या कशाचाही उपयोग होत नाही. मुंबई-दिल्लीही यादीत आहेत. गोळ्यांनी आजार फक्त दबलेला असू शकतो, म्हणून गोळ्या घेतल्यानं प्रतीक्षा कमी होत नाही.

तुम्ही दर हिवाळ्यात जाता, म्हणजे जानेवारीत परतलात तर एप्रिलच्या अखेरीस मोकळे. तिथून पुढच्या प्रवासापर्यंत, दर आठ आठवड्यांनी एकदा या हिशेबानं, वर्षात तीन-चार वेळा रक्त देता येतं. ‘दरवर्षी भारतात जातो, म्हणून मला कधीच जमणार नाही’ असं मानून बसलेले कितीतरी लोक मला भेटतात. कॅलेंडर काढून बसलं की ते सुटतं.

भारतात वाढून नुकतंच परदेशी आलेल्यांचा नियम मात्र आणखी कडक आहे, आणि त्यांना तो अन्यायकारक वाटतो. मलेरियाच्या देशात पाच वर्षांहून जास्त सलग राहिलेल्यांनी तो देश सोडल्यावर तीन वर्षं थांबायचं. कारण असं की लहानपणापासून मलेरियाशी गाठ पडलेल्या शरीरात थोडी प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. परोपजीवी रक्तात असतात, ताप मात्र येत नाही. पंधरा दिवसांसाठी गेलेल्या पर्यटकाला संसर्ग झाला तर तो बहुधा आजारी पडतो आणि कळतं. तिथल्या रहिवाशाचं कळत नाही. तुम्ही तीन वर्षांहून कितीतरी जास्त काळ मलेरिया नसलेल्या देशात राहिला आहात, म्हणून तुम्हाला पर्यटकाचाच तीन महिन्यांचा नियम लागू होतो.

ब्रिटनमध्ये पद्धत वेगळी आहे. तिथे परतल्यावर चार महिन्यांनी मलेरियाच्या प्रतिपिंडांची चाचणी करून रक्त घेता येतं. ऑस्ट्रेलियात मधल्या काळात नुसता प्लाझ्मा देता येतो, कारण परोपजीवी लाल पेशींत असतात आणि त्या तुम्हाला परत मिळतात. अमेरिकेतही मार्च २०२४ मध्ये दात्यांच्या रक्तातला मलेरिया जनुकीय पद्धतीनं शोधणाऱ्या पहिल्या चाचणीला परवाना मिळाला. जिथे चांगली चाचणी येते तिथे नकाशावरचा प्रश्न हळूहळू मागे पडतो, हे मी माझ्याच कारकिर्दीत पाहिलं आहे. लॅटिन अमेरिकेतल्या शागास आजारासाठी अमेरिकेत २००७ पासून दात्यांची चाचणी होते. एचआयव्हीच्या विषाणूंच्या ‘ओ’ नावाच्या एका गटामुळे (रक्तगटाशी याचा संबंध नाही) मध्य आणि पश्चिम आफ्रिकेतल्या काही देशांतून आलेल्यांना एकेकाळी सरसकट थांबवत असत. चाचण्या तो गट पकडायला लागल्यावर २००९ मध्ये तो नियम सोडता आला.

इथे एक कळकळीची विनंती. प्रतीक्षा फार वाटते म्हणून प्रवास लपवू नका. ‘इतकी गरज आहे आणि मी धडधाकट आहे’ या सद्भावनेतूनच लोक लपवतात, मला ठाऊक आहे. अमेरिकेत १९६३ ते १९९९ या काळात रक्तातून मलेरिया झालेल्या ९३ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातले १० दगावले. ज्या दात्यांची पूर्ण माहिती मिळाली त्यांतल्या दर पाचांपैकी तिघांना तेव्हाच्याच नियमांनुसार थांबवायला हवं होतं. नियम होता, पण उत्तर चुकीचं मिळालं किंवा प्रश्नच नीट विचारला गेला नाही. रक्त घेणारा माणूस आधीच अशक्त असतो, आणि त्याला ताप आला तर मलेरियाचा विचार डॉक्टरांच्या मनात लवकर येत नाही.

जाताना पासपोर्ट बरोबर ठेवा किंवा गेल्या तीन वर्षांतल्या प्रवासांच्या तारखा आणि गावांची नावं कागदावर लिहून न्या. आठवणीवर विसंबू नका. बहुतेकांना देश आठवतो, परतल्याची तारीख आठवत नाही, आणि आम्हाला तीच हवी असते. विमान बदलताना कुठे विमानतळाबाहेर पडला असाल तर तेही सांगा. परतल्यावर ताप येऊन गेला असेल तर तीन महिने पूर्ण झाले असले तरी आधी डॉक्टरांना दाखवा.

राहिला पत्नीचा प्रश्न. अमेरिकेच्या २०२२ च्या बदलात ब्रिटन, फ्रान्स आणि आयर्लंडमध्ये रक्त घेतलेल्यांवरची बंदीही उठली. त्यामुळे १९९१ मधल्या त्या दोन पिशव्या आता त्यांच्या आड येत नाहीत. तुमच्याबरोबर त्या भारतात गेल्या असतील तर मलेरियाचे तीन महिने त्यांनाही लागू. पण पुढे कधी मुलांकडे किंवा कामानिमित्त ब्रिटनमध्ये राहायला गेलात, तर तिथे तुम्ही रक्त देऊ शकाल आणि त्या देऊ शकणार नाहीत, कारण १९८० नंतर रक्त घेतलेल्यांवरची बंदी तिथे कायम आहे. हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे तिथल्या टेबलावरून परत फिरताना मनात काही घेऊन जाणार नाहीत. त्यांच्यासाठी तो फोन आधी करा. त्या पूर्वी कधी रक्त द्यायला गेल्याच नसतील तर पुसायला जुनी नोंदही नसेल, आणि कदाचित तुमच्याआधी त्यांचीच पिशवी भरेल.